दुमडून कापू नकोस

धार, ४ डिसेंबर २०२४

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. सहा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस आणि मी तुला साष्टांग नमस्कार घालायचा, हे तुलाच खोटं वाटलं असतं. पत्र उर्वशीचं आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. काम शिवणाचं आहे आणि शिवणाच्या कामाला तू आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाहीस.

श्रियाचं लग्न ठरलंय, बारा फेब्रुवारीला. मुलगा अर्पित, तुझ्या मागच्या गल्लीतल्या जानकीबाईंचा धाकटा. म्हणजे ही बातमी तुला माझ्याआधी कळली असणार, आणि 'सख्खी भाची असून आम्हाला पत्ता नाही' असं तू चारचौघांत म्हणालीही असशील. म्हण. पत्रिका घेऊन हे येतीलच. तुझे मेहुणे भूपेंद्रराव अजून सरदारपूरच्या शाळेत शिकवतात आणि अजून रोज सकाळची बस चुकवतात.

तर काम असं की लग्नात नेसायला मला साडी आहे, ब्लाऊज नाही, आणि मी ते घरीच शिवायचं म्हणतेय. हसून घे. शाळेत शिवणाच्या तासाला माझा रुमाल तू शिवून द्यायचीस, हे मलाही आठवतं. पण शालिग्राम टेलरची नजर आता अधू झालीये, आणि दुसऱ्या कुणाकडे माप द्यायला मला आवडत नाही. मशीन आईचंच आहे. तेल घातलं, पट्टा बदलला, चालतंय.

पहिलं ब्लाऊज शिवलं ते अस्तर न भिजवता. एकदा धुतलं तर अस्तर आटलं आणि वरचं कापड फुगून बसलं. दुसऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. तिसऱ्याला मी अस्तर रात्रभर भिजवलं, बाह्या जमिनीवर समोरासमोर मांडून बघितल्या, टाचण्या लावल्या, सगळं शहाण्यासारखं केलं. तरीही डावीकडे झोळ येतो. छातीखालचा चुणीचा टक्स घातला की तिथं रिकामी पिशवी उभी राहते, आणि उसवला की गळा उजवीकडे ओढला जातो. गेल्या पंधरा दिवसांत तो एक टक्स मी अकरा वेळा उसवलाय. मी जरा बारीक झालेय, म्हणून असेल. मापं खाली लिहिलीत: खांदा चौदा, उंची चौदा, कंबर बत्तीस, छाती छत्तीस. छातीचं माप जुनं आहे.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस, आणि श्रिया माझा फोन उघडून बघत असते. कागदावरच्या मराठीची मात्र तिला भीती नाही. हिंदी शाळेत शिकलेली पोरगी, माझं अक्षर दिसलं की म्हणते, "मम्मी, ये तो आप ही पढ़ो." म्हणून पत्र.

आईच्या शेवटच्या आजारातलं मी इथं काही लिहीत नाही. ते लिहायला बसले तर हे पत्र पेटीत पडायचंच नाही. तू फक्त टक्साचं सांग. लवकर सांग ताई, माझे हात टेकलेत.

उर्वशी


धार, १६ डिसेंबर

ताई,

तुझं पाकीट आलं. मला वाटलं होतं की आत शिव्या असतील. निघाला ब्राऊन पेपर, त्यावर पेन्सिलीनं आखलेले ब्लाऊजचे पुढचे दोन भाग, आणि तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात खाली लिहिलेलं: 'पुढचे भाग कापड दुमडून एकत्र कापू नकोस. सगळ्या जगाचे दोन्ही भाग सारखे असतात म्हणून दुमडून कापतात. तू कापड सपाट पसर. उजवा वेगळा काप, डावा वेगळा. डावीकडे टक्स घालूच नकोस. कधी काढलं?'

मी मशीनपाशी खाली बसले ते किती वेळ बसले देव जाणे. गॅसवर डाळ करपली. चार मापं आणि एका झोळावरून तुला कळलं. आठ महिने ह्यांच्याशिवाय कुणालाही कळू न देता मी या गावात वावरतेय, आणि तू तिकडे देवासला बसून माझ्या पदराआड बघितलंस.

एप्रिलमध्ये काढलं, इंदूरला. डावं पूर्ण. गाठ लवकर सापडली म्हणून ते सलाईनचं औषध घ्यावं लागलं नाही, केस शाबूत आहेत, रोज एक गोळी असते. सगळ्यांना सांगितलं की गर्भाशय काढलं. श्रियालाही तेच सांगितलं. तेव्हापासून सैल कुर्ते घालते, ओढणी घेते, थंडी पडल्यापासून शाल घेते. थंडीचे मी उपकार मानते. पण मुलीच्या लग्नात शाल गुंडाळून कशी उभी राहू? इंदूरला तसल्या पॅडचं दुकान आहे असं नर्सनं सांगितलं होतं. गेले होते. आत धारचीच एक ओळखीची बाई दिसली, तशीच परत फिरले. आणि शालिग्रामची नजर चांगली आहे. खोटं लिहिलं होतं. त्याच्याकडे माप त्याची बायको घेते, आणि तिनं माप घेतलं की ते संध्याकाळपर्यंत राजवाड्याला वळसा घालून येतं.

जानकीबाई पहिल्यांदा श्रियाला बघायला आल्या, तेव्हा चहा व्हायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, "घराण्यात काही दुखणं वगैरे? देखो, आजकाल पूछना पड़ता है." मी नाही म्हटलं. "तुमच्या आई कशानं गेल्या?" मी म्हटलं, वयानं. एकोणसत्तर हे काय वय झालं, पण त्यांनी मान डोलावली. त्यांच्या जावेला असं काही झालं होतं म्हणे, तेव्हापासून त्या फार जपतात. ताई, त्यांना हे कळलं तर त्या लग्न मोडतील. श्रिया अर्पितचं नाव घेताना कशी दिसते ते तू बघितलेलं नाहीस. माझ्या एका छातीपायी तिचं ते जायला नको.

आता तू म्हणशील, पुन्हा तेच. हो, पुन्हा तेच. आईनं पहिल्यांदा मला गाठ दाखवली तेव्हा माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. म्हणाली, ताईला कळवू नकोस, ती सगळं घर डोक्यावर घेईल. मी पाच महिने गप्प बसले. मग ते फुप्फुसात गेलं आणि मग तुला फोन केला. तेराव्याला तू सगळ्यांसमोर विचारलंस, "तुझ्या तोंडाला टाके घातले होते का?" त्या वेळी मला तुझा राग आला होता. आता मशीनवर बसले की रोज ते वाक्य ऐकू येतं, आणि राग येत नाही.

तरीही पाया पडते. कुणाला सांगू नकोस. बारा फेब्रुवारीपर्यंत गप्प राहा, पुढे हवं ते कर.

उर्वशी


धार, ३० डिसेंबर

ताई,

आधी चांगलं सांगते. उजवा वेगळा, डावा वेगळा कापला. डावा भाग जमिनीवर एकटा पडलेला पाहिला आणि मला रडू आलं, पण टाचण्या तोंडात होत्या म्हणून आवरलं. शिवल्यावर गळा पहिल्यांदाच मधोमध बसला.

तू लिहिलं होतंस की डावीकडे अस्तराच्या आतून खिसा दे आणि त्यात थोडं वजन भर, नाहीतर ब्लाऊज त्या बाजूनं वर सरकेल. कापूस हलका पडला. मोहरी टोचायला लागली. मग माझ्या हुशार डोक्यातून साबुदाणा निघाला. मऊ, गोल, वजनदार. दोन दिवस झकास चाललं. ह्यांच्यासमोर उभी राहिले तर म्हणाले, "अरे वा, कुछ पता ही नहीं चलता." मग मी ते ब्लाऊज धुवायला टाकलं, खिशासकट. पुढचं तुला सांगायला नको. सकाळी दोरीवर खिचडी वाळत होती. मी हसले ताई, खरंच हसले, आणि हसता हसता दोरीखाली फरशीवर बसून इतकी रडले की शेजारीण कठड्यावरून विचारायला लागली, "क्या हुआ भाभी?" मी सांगितलं, नवं ब्लाऊज बिघडलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की बाई वेडी झाली.

आता वाईट. परवा जानकीबाई आल्या होत्या. त्यांच्या घरची रीत अशी की विहिणीला मानाची साडी देतात ती ब्लाऊज शिवूनच, कापड हातात ठेवत नाहीत. देवक बसवताना विहीण तीच नेसते. सोबत टेप घेऊन आल्या होत्या. "उठा विहीणबाई, माप घेऊन टाकू, माझा देवासचा टेलर एक नंबर आहे." मी म्हटलं, नंतर. तर त्यांनी हसत हसत माझी शाल ओढली. श्रियाही हसत होती, "मम्मी, दे दो ना!" टेप माझ्या पाठीमागून पुढे येत होता. मी तोंडावर हात ठेवला आणि न्हाणीघरात पळाले. उलटीचा आवाज काढला, मग खरीच झाली. बाहेर जानकीबाई श्रियाला विचारत होत्या, "तबीयत तो ठीक है ना इनकी?" तो प्रश्न त्यांनी दोनदा विचारला.

बाहेर आले आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, माझं ब्लाऊज माझी ताईच शिवते, तिच्याकडे माप आहे, तुमच्या मागच्याच गल्लीत राहते, कापड तिला द्या. त्या जरा चकित झाल्या. "पण तुमचं तर बोलणं नाही ना?" मी म्हटलं, आता आहे.

आहे का ताई? त्या कापड घेऊन तुझ्याकडे येतील. घेऊन ठेव. माझी तब्येत विचारतील. ठणठणीत आहे म्हण. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल. मला माहीत आहे की हे मागण्याचा अधिकार सगळ्या जगात मला एकटीलाच नाही. तरीही मागते.

उर्वशी


धार, ९ जानेवारी

ताई,

ब्लाऊज मिळालं. घातलं. आरशासमोर एप्रिलनंतर पहिल्यांदा उभी राहिले. डावीकडचा खिसा तू दुहेरी केलायस, आतला काढून धुता येतो, आणि त्यात काय भरलंयस ते मी उसवूनही बघणार नाही. मी पाच ब्लाऊजं बिघडवली तेव्हा कुठे एक बरं झालं, आणि तू मला न बघता हे शिवलंस. जानकीबाईंशी तू खोटं बोललीस, तेही मला समजलं. त्यांनी फोन करून सांगितलं की तुमच्या ताई म्हणत होत्या, उर्वशी घोड्यासारखी धडधाकट आहे.

इथवर मी आनंदात होते. मग घडीतून तुझी चिठ्ठी पडली.

'काखेत मलाही दिवाळीपासून गोटीएवढं काही लागतं. दुखत नाही. आत्ता दाखवायला गेले तर गल्लीत बोभाटा होईल, जानकीबाई दोनाला दोन जोडतील. लग्न होऊ दे. मार्चमध्ये बघू. तू ब्लाऊज जप.'

'तू ब्लाऊज जप' काय? काय ब्लाऊज जप? मी ते अंगातून ओढून काढलं, एक हुक तुटला. ह्यांच्या फोनवरून तुला लावला. माझा आवाज ऐकून तू "लग्नानंतर" एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. पुन्हा सात वेळा लावला.

आता मी तुला जे सांगते ते ऐक, आणि मग आयुष्यभर माझं तोंड बघू नकोस. एप्रिलमध्ये दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं आणि तोंडानंही दोनदा सांगितलं होतं. आईला होतं, तुम्हाला झालं, तर बहीण आणि मुलगी दोघींची तपासणी करून घ्या, लगेच. मी हो म्हटलं. घरी आले आणि तो कागद मशीनच्या खणात बॉबिनांखाली ठेवून दिला. तुझ्याशी बोलणं नव्हतं, हे एक कारण. श्रियाच्या स्थळांचं बोलणं सुरू झालं होतं, हे दुसरं. तिसरं म्हणजे मी भित्री आहे. नऊ महिने मी रोज तो खण उघडला, बॉबिन काढली आणि खण लावला. मागच्या चार पत्रांत... चार कुठली, तीनच. तीन पत्रांत मी तुला अस्तर लिहिलं, बाह्या लिहिल्या, साबुदाणा लिहिला, आणि हे लिहिलं नाही. एप्रिलमध्ये कळवलं असतं तर तुझं दिवाळीत गोटीएवढं झालंच नसतं, निदान मोहरीएवढं असताना सापडलं असतं. माझं लवकर सापडलं म्हणून मी आज बसून पत्र लिहितेय.

आईच्या वेळी निदान तिनं शपथ घातली होती. या वेळी मला कुणीही घातली नव्हती.

टक्स चुकला तर उसवता येतो, अकरा वेळा उसवता येतो. मला भीती वाटते ताई. कापडाची नाही, लग्नाची नाही, तुझी. तू माझं गुपित राखायला थांबलीयस. मी तुला थांबू देणार नाही. या पत्राच्या उत्तराची मी वाट बघत नाही.

उर्वशी


देवास, ११ जानेवारी, दुपार

ताई,

तुझ्या ओट्यावर बसून लिहितेय. दाराला कुलूप आहे. समोरच्या सांगतात की तू माताजीच्या टेकडीवर गेलीयस, येशील तासाभरात. तू आलीस आणि मला बघून दार लावून घेतलंस, तर हा कागद फटीतून आत सरकवेन. तोंडानं सांगायला तू वेळ देशील की नाही याचा भरवसा नाही.

काल संध्याकाळी श्रियाला सांगितलं. खणातला कागद तिच्या हातात दिला. ती आधी कागद वाचत राहिली, मग माझ्या कुर्त्याकडे बघत राहिली. मग ओरडली. "मम्मी, आपको क्या लगा, मुझे शादी चाहिए थी? ऐसे?" ओढणी फेकली, दार आपटलं. दहा मिनिटांनी बाहेर आली, माझ्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवलं, नेमकं तिथंच, आणि म्हणाली, "पहिले मावशीला घेऊन जा. माझं मी बघते." मराठीत म्हणाली. चुकीचं, पण मराठीत.

आज सकाळच्या बसनं आले आणि आधी जानकीबाईंकडे गेले. त्यांनी चहा ठेवला. मी शाल काढून मांडीवर घेतली आणि सांगितलं. माझं, आईचं, तुझ्या काखेतलं, मी खोटं बोलले ते, तुला बोलायला लावलं ते. त्यांनी बशी खाली ठेवली. मग विचारलं, "श्रियाची तपासणी झाली?" मी म्हटलं, सोमवारी होईल. त्या म्हणाल्या, "मला घरी विचारावं लागेल." राग नव्हता त्यांच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं. सोडायला दारापर्यंत आल्या नाहीत. चहा तसाच राहिला.

म्हणजे लग्न राहील की नाही, मला माहीत नाही. श्रियाला फोन करून हेच सांगितलं. ती म्हणाली, "ठीक है," आणि मग नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या मुलीचं लग्न मी माझ्या हातानं पणाला लावून आलेय. छातीत जे होतंय ते डावीकडे होतंय, जिथं आता काही नाही तिथं.

तुझ्या गल्लीतल्या दोघींनी विचारलं, कोण तुम्ही, इथं ओट्यावर का बसलात. मी सांगितलं, ताईची धाकटी बहीण, धारची, कॅन्सरचं ऑपरेशन झालेली. दोघी मागे सरकल्या. मग एकीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आता सगळ्या गल्लीला माहीत आहे. जानकीबाईंना माहीत आहे. लपवायला काही उरलं नाही, म्हणजे तुला थांबायलाही कारण उरलं नाही.

इंदूरला सोमवारी अकरा वाजताचा नंबर लावलाय. तुझं नाव पहिलं आहे, श्रियाचं दुसरं. तोवर मी इथंच आहे. दार लाव, शिव्या दे, तेराव्याला जे बोललीस ते पुन्हा बोल, मी ऐकून घेईन. पण सोमवारी चल. तू नाही म्हणालीस तर मी या ओट्यावरून ओरडून ओरडून तुला

तू आलीस. गल्लीच्या तोंडाशी दिसतेयस. प्रसादाची पिशवी उजव्या हातात आहे आणि डावा हात अंगाशी घट्ट धरलायस, जराही हलू देत नाहीस. दुखत नाही असं लिहिलं होतंस. पत्र राहू दे, मी पिशवी घ्यायला येते.